रजेचे कारण

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. मुनिरका गावात भाड्याच्या खोलीत राहणारा, मूळचा लातूर जिल्ह्यातील एक तरुण रात्री नऊच्या सुमारास आमच्या घरी आला. गणेशोत्सवात ओळख झाली होती, तेव्हापासून तो मला काकू म्हणतो. गुरुग्राममधील एका खासगी कंपनीत तो नोकरी करतो. डोळे लाल, अंग तापलेले, आणि हातात मोबाइल.

“काकू, एक मेल लिहून द्याल का? उद्या कामावर जाणं होणार नाही. इंग्रजीत नीट लिहायचंय.”

“ताप आला आहे, येऊ शकत नाही, एवढंच लिही की.”

“तसं चालत नाही. मागच्या वेळी ‘लूज मोशन’ लिहिलं होतं, तर ग्रुपवर सगळे हसले. लीडर म्हणाला, ‘स्टमक अपसेट’ असं लिहीत जा.”

त्याने मोबाइलमध्ये साठवलेली एक यादी दाखवली. स्पोकन इंग्लिशच्या वर्गात ती मिळाली होती. आजारी असल्याचे कसे कळवावे, याचे पंधरा-वीस प्रकार तिच्यात होते. ‘अंडर द वेदर’, ‘कमिंग डाउन विथ समथिंग’, ‘कॉलिंग इन सिक’, ‘टेकिंग अ सिक डे’. अंगात एकशे दोन ताप असलेला हा मुलगा दारात उभा राहून मला विचारत होता, की साहेबांना ‘अंडर द वेदर’ लिहिले तर ते फार हलके वाटेल का, आणि ‘सफरिंग’ लिहिले तर फार जड होईल का?

मी मेल लिहून दिला, त्याला मऊ भात आणि मेतकूट वाढले आणि सकाळी डॉक्टरकडे जाण्याचे वचन घेतले. पण त्याचा प्रश्न मनातून गेला नाही. आजारी पडणे ही शरीराची गोष्ट आहे. आजारी आहे असे सांगता येणे ही मात्र भाषेची गोष्ट आहे, आणि सांगितलेले मानले जाणे ही सत्तेची. तीस वर्षांच्या सरकारी नोकरीत मी रजेचे शेकडो अर्ज मंजूर केले, काही नामंजूरही केले. त्या खुर्चीत बसून जे दिसले आणि जे दिसले नाही, त्याविषयी लिहावे असे वाटते.

आपल्यापैकी बहुतेकांनी आयुष्यात एखाद्या अधिकारी व्यक्तीला उद्देशून लिहिलेले पहिले इंग्रजी वाक्य कोणते, ते आठवून पाहावे. ते बहुधा रजेच्या अर्जाचेच असेल. शाळेत इंग्रजीच्या तासाला तो पाठ करून घेतला जाई. आरंभी आदरणीय महोदय, मग ‘आय बेग टु स्टेट’, मग ‘आय ॲम सफरिंग फ्रॉम फीवर’. म्हणजे परभाषेत आपण सर्वप्रथम शिकलो ती याचना, आणि त्या याचनेला आधार म्हणून ताप. घरात कोणाचे लग्न असो, शेतात सुगी असो, अर्जात कारण तापच. प्रश्नपत्रिकेत गुण मिळत ते सत्याला नव्हे, तर नमुन्याला. पुढे नोकरीत आल्यावरही ही सवय सुटत नाही. केवळ तापाच्या जागी ‘व्हायरल’ येतो. इंग्रजीत व्हायरल हे विशेषण आहे. दिल्लीत ते नाम झाले आहे आणि त्याची मुदत तीन दिवसांची असते, हे प्रत्येक कार्यालयाला ठाऊक आहे.

आता शब्दांकडेच थोडे बारकाईने पाहू. इंग्रजीतील ‘लीव्ह’ या नामाचा मूळ अर्थ आहे परवानगी. आपला ‘रजा’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. त्याचाही मूळ अर्थ संमती, मर्जी असाच. दोन दूरच्या भाषांनी कामावर न येण्याला एकच नाव दिले, आणि ते वरिष्ठाच्या बाजूने दिले. ‘सुट्टी’ आणि हिंदीतील ‘छुट्टी’ या शब्दांत सुटण्याचा भाव आहे. तो काम करणाऱ्याच्या बाजूचा आहे. शासनाच्या मराठीने रजा स्वीकारली, हे स्वाभाविकच म्हणावे लागेल. केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ यांतील सातवा नियम स्पष्ट सांगतो, की रजा हा हक्क म्हणून मागता येणार नाही. एकोणिसाव्या नियमात असेही आहे, की वैद्यकीय दाखला हाती असल्याने रजेचा हक्क आपोआप निर्माण होत नाही. पुण्यात अर्थशास्त्रात एम. ए. करताना मी श्रमाच्या बाजाराविषयी बरेच वाचले होते. परंतु माणसाचा ताप हा मंजुरीसाठी सादर करावयाचा विषय असतो, हे मला या नियमांनी शिकवले.

रजेचे प्रकारही पाहण्यासारखे आहेत. ‘कॅज्युअल’ या शब्दाच्या मुळाशी योगायोग, अकस्मात घडलेली घटना हा अर्थ आहे. रुग्णालयातील ‘कॅज्युअल्टी’ त्याच मुळातून येते. हिंदीने आकस्मिक म्हणून तो अर्थ राखला. मराठीत नैमित्तिक हा शब्द कागदावर राहिला आणि बोलण्यात ‘किरकोळ रजा’ रूढ झाली. पाचव्या वेतन आयोगानंतर केंद्रात या रजा वर्षाला १२ वरून ८ झाल्या. नियमांच्या दृष्टीने ही रजा रजाच नव्हे. ती घेणारा कामावर गैरहजर मानला जात नाही. अर्जित रजा वर्षाला ३०, अर्धवेतनी २०. ‘कम्युटेड’ म्हणजे परिवर्तित रजा हा त्याहून गमतीचा प्रकार. अर्ध्या पगाराचे दोन दिवस मोडून पूर्ण पगाराचा एक दिवस घ्यायचा. मात्र त्यासाठी साधारणतः कर्मचाऱ्याने स्वतः आजारी असल्याचा वैद्यकीय दाखला द्यावा लागतो. ही शेवटची अट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आणि या सगळ्यांच्या तळाशी आहे ‘डायस नॉन’. लॅटिनमधील हा शब्दप्रयोग आपल्या कार्यालयांत आजही वापरला जातो. जो दिवस सेवेत धरला जात नाही आणि ज्यामुळे सेवेत खंडही पडत नाही, तो डायस नॉन. माणूस त्या दिवशी जगलेला असतो, कदाचित तापाने फणफणलेला असतो, परंतु अभिलेखात तो दिवस उगवलेलाच नसतो.

मराठीत आजाराचे शब्द किती आहेत! अंगात कसर आहे, कणकण वाटते, अंग मोडून आले आहे, हुडहुडी भरली आहे, तब्येत नरम आहे, जिवाला बरे नाही. यांतील प्रत्येकाची पायरी वेगळी आहे. कसर म्हणजे अजून ताप नव्हे, आणि कणकणीत माणूस उठून चहा करू शकतो, हे कोणाही मराठी घरात समजावून सांगावे लागत नाही. यांपैकी एकही शब्द वैद्यकीय दाखल्यावर लिहिता येत नाही. केंद्राच्या कर्मचाऱ्याला अर्ज मराठीत लिहिताही येत नाही, कारण राजभाषा नियम, १९७६ प्रमाणे तो हिंदीत किंवा इंग्रजीत हवा. मी त्याविषयी तक्रार करीत नाही. अनेक भाषांच्या देशात कार्यालयाला काही मर्यादा पाळाव्याच लागतात. परंतु कसर आणि कणकण जेव्हा ‘फीवर’ होतात, तेव्हा माणूस नकळत अर्धे खोटे लिहितो, आणि त्याचा अधिकारी ते अर्धे खोटे आहे हे जाणून वाचतो.

मराठीत आणखी एक शब्दप्रयोग आहे, जो मला फार मोलाचा वाटतो. ‘आजारपण काढणे’. सुनेने सासूचे आजारपण काढले, मुलाने वडिलांचे दुखणे काढले, असे आपण म्हणतो. आजारी एक आणि आजारपण काढणारा दुसरा. शुश्रूषा हे श्रम आहेत, त्यांना दिवस लागतात, त्यात माणूस झिजतो, हे आपल्या भाषेला ठाऊक आहे. रजेच्या नियमांना मात्र ते अर्धेच ठाऊक आहे. मुलांच्या संगोपनासाठी सहाव्या वेतन आयोगानंतर, २००८ पासून, स्त्री कर्मचाऱ्यांना पूर्ण सेवेत ७३० दिवसांची रजा मिळू लागली. २०१८ मध्ये ती एकट्याने मूल वाढवणाऱ्या पुरुषांनाही लागू झाली. ही फार चांगली सुधारणा होती. परंतु म्हाताऱ्या आईसाठी, आजारी पत्नीसाठी किंवा पतीसाठी अशी नाव असलेली रजा नाही. जुलै २०२५ मध्ये राज्यसभेत या विषयावर प्रश्न आला, तेव्हा उत्तर मिळाले की ३० दिवस अर्जित, २० दिवस अर्धवेतनी, ८ दिवस नैमित्तिक आणि २ दिवस निर्बंधित सुट्टी आहेच. वृद्ध आईवडिलांच्या सेवेसह कोणत्याही वैयक्तिक कारणासाठी ती घेता येते. उत्तर नियमांप्रमाणे अचूक आहे. परंतु अचूक उत्तर पुरेसे असतेच असे नाही, हे मी एका अनुभवातून शिकले.

हे २०११ मधील. मी तेव्हा अवर सचिव होते. माझ्या हाताखालील विभागात एक सहाय्यक होते. वय चाळिशीचे, काम नेटके, बोलणे मोजके. वर्षभरात त्यांनी सहा वेळा परिवर्तित रजा घेतली. प्रत्येक वेळी पाच-सहा दिवस, प्रत्येक वेळी दाखला, आणि प्रत्येक दाखल्यावर ‘व्हायरल फीवर’. सातवा अर्ज आला तेव्हा मी फाइलवर टिपणी लिहिली. तिचा आशय असा होता, की संबंधित कर्मचाऱ्याच्या आजाराचे स्वरूप संशयास्पद असून दुसरे वैद्यकीय मत घेण्यात यावे. नियमात तशी तरतूद आहे. टिपणीची भाषा निर्दोष होती. ती लिहून मला किंचित समाधानही वाटले होते, हे कबूल केले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या खोलीत आले. बसा म्हटले तरी बसले नाहीत. उभ्याउभ्या त्यांनी सांगितले, की ताप त्यांना कधीच नव्हता. पत्नीला दोन वर्षांपासून नैराश्याचा आजार होता. काही दिवस असे येत, की तिला घरात एकटे सोडणे धोक्याचे असे. अर्जित रजा संपली होती. घरगुती कारणासाठी अर्धवेतनी रजा घ्यावी, तर निम्म्या पगारात औषधे, भाडे आणि मुलाची फी भागत नव्हती. “मॅडम, मी आजारी पडलो तर पूर्ण पगार आहे. ती आजारी पडली तर अर्धा आहे. म्हणून मी आजारी पडत गेलो,” असे ते हिंदीत म्हणाले. त्यात उपरोध नव्हता. हिशेब सांगावा तसे ते बोलले.

पत्नीच्या आजाराचे नाव त्यांनी आधी का सांगितले नाही, हे विचारण्याचे मला धैर्य झाले नाही. उत्तर मला माहीत होते. अर्ज पाच टेबलांवरून जातो. व्हायरल हा शब्द पाचही टेबलांवर कोणी दोनदा वाचत नाही. नैराश्य हा शब्द सगळ्यांनी वाचला असता, आणि संध्याकाळी बसमध्ये त्याची चर्चा झाली असती.

मी टिपणी मागे घेतली. एकदा लिहिलेली टिपणी पुसता येत नाही. तिच्याखाली दुसरी लिहावी लागते, आणि ती मी लिहिली. परंतु त्यांनी पुन्हा परिवर्तित रजा मागितली नाही. काही महिन्यांनी त्यांनी असाधारण रजा घेतली, म्हणजे बिनपगारी. पुढे माझी बदली झाली. त्यांचे काय झाले, याची चौकशी मी अनेक वर्षे केली नाही, आणि जेव्हा केली तेव्हा उशीर झाला होता. त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेऊन दिल्ली सोडली होती. माझ्याकडून नियमभंग झाला नव्हता. तरीही तो माझ्या नोकरीतील एक मोठा अन्याय होता असे मी मानते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात आश्चर्य वाटू नये. एका बाजूला माहिती आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, अशा व्यवहारात काय घडते याचा अभ्यास जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन केला. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये संकेतांचा सिद्धान्त मांडला. जोसेफ स्टिगलिट्झ यांच्यासह या दोघांना २००१ चे नोबेल मिळाले. आपला ताप कर्मचाऱ्यालाच ठाऊक असतो, अधिकाऱ्याला नाही. म्हणून दाखला हा संकेत मागितला जातो. परंतु संकेत उपयोगी पडतो तो खऱ्यापेक्षा खोट्याला महाग पडत असेल तरच. डॉक्टरचा दाखला खऱ्या आणि खोट्या आजाऱ्याला सारख्याच किमतीत मिळत असेल, तर तो काहीच सांगत नाही. उलट खरा आजारी माणूस तापात रांगेत उभा राहतो आणि ज्याला सवय झाली आहे तो घरबसल्या दाखला मिळवतो. म्हणजे ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज, त्याच्यावरच या व्यवस्थेचा सर्वाधिक भार.

इतर देशांतही संशय आहेच, आणि तो भाषेत उतरला आहे. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात खोट्या आजाराच्या रजेला ‘सिकी’ म्हणतात. जर्मनीत आजारपणाच्या नावाने सुट्टी मारण्याला जो शब्द आहे, त्याचा शब्दशः अर्थ ‘आजार साजरा करणे’ असा होतो. न सांगता निघून जाण्याला इंग्रज ‘फ्रेंच लीव्ह’ म्हणतात, आणि फ्रेंच लोक तीच गोष्ट इंग्रजांच्या नावावर खपवतात. आपल्याकडे दांडी मारणे आहे, बुट्टी मारणे आहे. दिल्लीत ‘फरलो मारना’ आहे. फरलो म्हणजे मूळचा ‘फर्लो’, साहेबाची विलायतेला जाण्याची दीर्घ रजा. साहेब घेई तेव्हा तो हक्क होता. कारकुनाने घेतला तेव्हा ती लबाडी झाली.

परंतु संशय असूनही काही देशांनी विश्वासाला जागा ठेवली आहे. ब्रिटनमध्ये पहिल्या सात दिवसांच्या आजारासाठी डॉक्टरचा दाखला लागत नाही. कर्मचाऱ्याचे स्वतःचे निवेदन चालते. २०१० मध्ये तेथे ‘सिक नोट’ जाऊन ‘फिट नोट’ आली. माणूस काय करू शकत नाही याबरोबर, कोणत्या सोयी दिल्यास तो काय करू शकेल, हेही डॉक्टर त्यात लिहू शकतो. ऑस्ट्रेलियाच्या २००९ च्या कायद्यात पूर्णवेळ कर्मचाऱ्याला वर्षाला दहा दिवस पगारी रजा आहे. तिच्या नावातच स्वतःचा आजार आणि घरच्यांची शुश्रूषा हे दोन्ही आहे. मराठीतील आजारपण काढणे तेथे कायद्यात जाऊन बसले आहे. सगळे समृद्ध देश मात्र असे नाहीत. अमेरिकेत खासगी नोकरांसाठी आजारपणाच्या पगारी रजेचा सर्वसाधारण संघीय कायदा नाही. १९९३ चा कौटुंबिक व वैद्यकीय रजेचा कायदा बारा आठवडे देतो, पण बिनपगारी. तेथे राहणाऱ्या वाचकांना हे माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल.

आपल्या देशात हा विचार नवा नाही, आणि त्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी ‘बदली’ कामगार सकाळी दाराशी उभे राहत. कायम कामगारांपैकी कोणी आला नाही, तर बदलीला त्या दिवसाचे काम. एकाचा ताप ही दुसऱ्याची मजुरी. हा शब्द इतका रुजला, की १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या इंग्रजी मजकुरात ‘बदली वर्कमन’ची व्याख्या द्यावी लागली. त्याच दशकात, मार्च १९४३ मध्ये, अर्थशास्त्राचे प्राध्यापक बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवण्यात आले. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. १९४४ मध्ये अहवाल आला, त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजना सुरू झाली. आजारी कामगाराला वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम, हे तिचे आजचे स्वरूप आहे. आजारपणातील पैसा हा मालकाचा दयाभाव नसून वर्गणीतून मिळवलेला हक्क आहे, ही कल्पना त्या अहवालाने आपल्या व्यवस्थेत रुजवली. रजा शब्दातील ‘मर्जी’ तेथे प्रथम मागे हटली.

परंतु ती कारखान्याच्या दारापर्यंत हटली, घराच्या दारापर्यंत नाही. दिल्लीच्या १९५४ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामगाराला वर्षाला बारा दिवस आजारपणाची वा नैमित्तिक पगारी रजा आहे. मुनिरकाच्या बाजारातील मिठाईच्या दुकानातल्या मुलाला निदान कागदावर ती मिळते. आमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंना मात्र नाही, कारण घर ही आस्थापना नव्हे.

येथे मला माझ्याच स्वयंपाकघरातील भिंतीकडे पाहावे लागते. दिल्लीत सव्वीस वर्षे काढली, तरी आमच्याकडे कालनिर्णय टांगलेले असते. तिथी आणि सण पाहण्यासाठी ते आहेच. परंतु दुधाचा हिशेब आणि बाईंचे खाडे यांसाठी त्याचा अधिक उपयोग होतो. खाडा हा शब्द परभाषकाला समजावून सांगणे कठीण आहे. हिंदीतील ‘नागा’ त्याच्या जवळ जातो. कारण काहीही असो, न आलेला दिवस म्हणजे खाडा. चौकोनात फुली, आणि महिनाअखेर वजाबाकी. कार्यालयात ज्याला डायस नॉन म्हणतात, त्याला घरात आपण खाडा म्हणतो. कार्यालयात तो लावण्यापूर्वी निदान विचारणा होते.

आमच्या बाई पश्चिम बंगालमधील मालदा जिल्ह्यातल्या. मागील वर्षी त्या पाच दिवस आल्या नाहीत. सहाव्या दिवशी आल्या तेव्हा भिंतीला धरून चालत होत्या. “दीदी, पाँच नागा हो गया, काट लेना,” असे स्वतःच म्हणाल्या. काय झाले होते, हे त्यांनी सांगितले नाही. डेंग्यू झाला होता, हे शेजारणीकडून कळले. मी विचारले, तुम्ही सांगितले का नाही? त्या म्हणाल्या, “बोलने से क्या होगा? आप लोग सोचेंगे, बहाना है।” माझ्या सहाय्यकाकडे सांगण्यासाठी ‘व्हायरल’ हा एक शब्द तरी होता. लातूरच्या मुलाकडे पंधरा-वीस वाक्यांची यादी होती. या बाईंकडे सांगण्यासारखा आजार होता, खराखुरा होता, आणि तो सांगून उपयोग नाही याची खात्री होती.

पुण्यात १९८० साली घरकाम करणाऱ्या स्त्रियांनी संप केला आणि त्यातून मोलकरणींची संघटना उभी राहिली, हे आज अनेकांना आठवत नसेल. पगारवाढीबरोबर पगारी सुट्टी ही त्यांची मागणी होती. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांविषयीचा १८९ क्रमांकाचा करार स्वीकारला. भारताने त्याला अद्याप अनुसमर्थन दिलेले नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायदेशीर चौकटीचा विचार करण्यासाठी समिती नेमण्यास केंद्राला सांगितले. कायदा होईल तेव्हा होईल. फुली मारणारी लेखणी आज आपल्या हातात आहे.

यावर आक्षेप काय घेतला जाईल, हे मी जाणते, कारण तो मीच अनेकदा घेतला आहे. विश्वास ठेवला की लोक गैरफायदा घेतात. घेतात, हे खरे आहे. प्रत्येक कार्यालयात असे दोन-चार लोक असतात, आणि त्यांच्यामुळे टेबलावर फाइली साचतात व प्रामाणिक सहकाऱ्यांवर भार पडतो. परंतु आजच्या दाखल्यांच्या व्यवस्थेने ते दोन-चार लोक थांबले आहेत काय? नाहीत. थांबले आहेत ते लाजाळू लोक, आजाराचे नाव सांगू न शकणारे लोक, आणि तापातही कामावर येऊन इतरांना ताप देणारे लोक. कोविडच्या काळात आपण याची किंमत पाहिली. तेव्हा जून २०२१ मध्ये केंद्रानेच आदेश काढून, तपासणी अहवाल असल्यास वेगळ्या वैद्यकीय दाखल्याचा आग्रह सोडला. त्यामुळे शासन कोसळले नाही.

माझ्या सूचना मोठ्या नाहीत. पहिली, वर्षातील काही दिवसांपर्यंत, समजा सहा, परिवर्तित रजेसाठी कर्मचाऱ्याचे स्वतःचे निवेदन पुरेसे मानावे आणि दाखला दीर्घ आजारासाठी राखून ठेवावा. दुसरी, पती, पत्नी, आईवडील यांचे आजारपण काढण्यासाठीही परिवर्तित रजा मिळावी. खात्यातील एकूण रजा तेवढीच राहील. एका मार्गाने खोटे बोलून जे घेतले जाते, ते दुसऱ्या मार्गाने खरे बोलून घेता येईल. तिसरी, आजाराचे नाव मंजुरी देणाऱ्या एकाच अधिकाऱ्यापर्यंत मर्यादित राहावे. पाच टेबलांना केवळ दिवसांची संख्या कळावी. चौथी सूचना शासनाला नाही, आपल्याला आहे. घरी काम करणाऱ्या व्यक्तीला महिन्याला निदान दोन दिवस आजारपणाचे पगारी द्यावेत, आणि ते आधीच सांगावेत. न सांगितलेली सवलत ही मर्जी राहते. सांगितली की तिचा हक्क होतो.

मागील वर्षी बाईंचे पाच दिवस मी कापले नाहीत. परंतु तेवढ्याने हिशेब पुरा होत नाही, कारण त्याआधीच्या नऊ वर्षांतील फुल्या मी मोजलेल्या नाहीत. या जानेवारीत नवे कालनिर्णय लावले तेव्हा त्यांना बसवून सांगितले, की आजारी असाल त्या दिवशी फुली नाही, वर्षाला चोवीस दिवसांपर्यंत. त्यांनी विचारले, “और पर्ची?” म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी लागेल का. मी नाही म्हणाले. त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही. फेब्रुवारीत त्या एक दिवस आल्या नाहीत आणि दुसऱ्या दिवशी येताना औषधाच्या दुकानाचे बिल घेऊन आल्या. मी ते न पाहता परत दिले. मार्चमध्ये पुन्हा एक दिवस आल्या नाहीत. या वेळी बिल आणले नाही. “कल बुखार था,” एवढेच त्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

तीस वर्षांत मी वाचलेल्या रजेच्या कारणांपैकी इतके साधे आणि पूर्ण वाक्य मला दुसरे आठवत नाही.